गोव्यात प्रोबेट नाही, मग वकील नक्की कशासाठी?

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, हा शब्द गोव्यात बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांच्या फोनमधून येतो. घरातलं माणूस गेल्यावर महिनाभराने कोणीतरी सांगतं, "आधी प्रोबेट काढा, नाहीतर बँक दारात उभं करणार नाही." मग गोव्यातलं कुटुंब प्रोबेट काढून देणारा वकील शोधायला लागतं. गोवेकराच्या मालमत्तेसाठी इथल्या कोर्टात प्रोबेट काढायची पद्धतच नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाचा वारस दाखला, तोही इथे मिळत नाही. इथली व्यवस्था वेगळी आहे, आणि ती समजून घेतली तर प्रोबेटपेक्षा सरळ आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याने ती चालू ठेवली. वारसाहक्काचा भाग आता गोवा विधानसभेच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे: गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रोसीडिंग कायदा. नावात २०१२ असलं तरी तो अमलात आला २०१६ साली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद त्यात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली, तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो. त्या खटल्यातली मालमत्ता मुंबईची होती. दादरला किंवा गिरगावात फ्लॅट असलेल्या गोव्याच्या कुटुंबांनी त्या निकालाची प्रत फाइलमध्ये ठेवावी, कारण तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गोव्याचा कायदा ऐकलेला नसतो. २०२५ च्या अखेरीस संसदेने उत्तराधिकार कायद्यातलं प्रोबेट सक्तीचं करणारं कलम २१३ च काढून टाकलं, तरी सोसायट्या आणि बँका जुन्या सवयीने ते मागतच राहतील.

यावरून वकील लागत नाही असं समजू नका. वकील लागतो, पण वेगळ्या कामासाठी, आणि ते काम सुरू होण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तुमचं तुम्हालाच करायचं असतं.

अर्धं आधीच जोडीदाराचं

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. दोघांनी कमावलेली, आणि दोघांपैकी कोणाला वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे नवरा गेला की आधी सगळ्या मालमत्तेचे दोन भाग होतात. एक भाग बायकोचा. तो तिला वारशाने मिळत नाही, तो तिचाच असतो. उरलेला अर्धा म्हणजे मृताची इस्टेट. त्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि मृत्युपत्राने त्याला हात लावता येत नाही. एक कोटीची मालमत्ता असेल तर पन्नास लाख पत्नीचे, पंचवीस लाख मुलांचे राखीव, आणि मृत्युपत्राने वाटता येण्यासारखे फक्त पंचवीस. सगळं घर धाकट्याच्या नावे लिहून ठेवलेलं मृत्युपत्र गोव्यात पूर्ण टिकत नाही. मुलगी सासरी गेली, तिचं लग्न लावलं, दागिने दिले, यातल्या कशानेही तिचा हिस्सा जात नाही. उलट हयातीत एखाद्या मुलाला बक्षीस दिलेली जमीन वाटणीच्या वेळी हिशेबात धरावी लागते.

याचा दुसरा परिणाम बाहेरच्या वकिलांना कळत नाही. मुलीला मिळणारा वारसा तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या सामाईकीत जातो, म्हणून जावई पक्षकार होतो. सुनाही तशाच. तीन भावंडांच्या वाटणीत सहा सह्या लागतात. एक जावई दुबईला आणि दुसरा बोलत नाही, अशी स्थिती असेल तर ती पहिल्याच दिवशी वकिलाला सांगा. तीन महिन्यांनी ती बाहेर येण्यात काही शहाणपण नाही.

आधी तक्ता, मग वकील

वकिलाकडे जाण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर कुटुंबाचा तक्ता काढा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: जन्म, लग्नाची तारीख आणि कुठे नोंद झालं ते, जोडीदाराचं नाव, आणि माणूस हयात नसेल तर मृत्यूची तारीख. नुसतं "वारले" लिहून भागत नाही. तारीखच लागते, कारण कोण आधी गेलं यावर सगळा हिशेब फिरतो.

एक उदाहरण घ्या. आजोबा १९८८ साली गेले, आजी त्यांच्या आधी. तीन मुलं. मधला मुलगा २००३ साली गेला, मागे बायको आणि एक मुलगी. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी तो हयात होता, म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा त्याच्याकडे आलेला होता आणि तो त्याच्या सामाईकीत गेला होता. त्याच्या बायकोला त्या हिश्शाचं अर्धं आणि मुलीला अर्धं. आता फक्त एक तारीख बदलून पाहा. तो १९८५ साली, वडिलांच्या आधी गेला असता, तर त्याची मुलगी त्याच्या जागी उभी राहिली असती आणि पूर्ण तिसरा हिस्सा तिचा झाला असता. सुनेला आजोबांच्या मालमत्तेत काहीच नाही. तीन वर्षांच्या फरकाने एका बाईचा सहावा हिस्सा येतो किंवा जातो. हे चुकलं की पुढचा प्रत्येक दस्त चुकतो, आणि खरेदीदाराच्या वकिलाने टायटल तपासताना ती चूक काढली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तक्त्याबरोबर दाखले गोळा करा. मृत्यूची नोंद माणूस जिथे गेलं तिथे होते, जिथे राहत होतं तिथे नाही. पेडण्याचा माणूस बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेला असेल तर पेडण्याच्या पंचायतीत दाखला शोधू नका. नोंद एकवीस दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि जुन्या पिढीतल्या काही मृत्यूंची नोंदच सापडत नाही, त्याची तयारी ठेवा. जन्म आणि लग्नाचे दाखले त्या त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून घ्या.

लग्नाच्या दाखल्याकडे नीट बघा. गोव्यात लग्न नोंदवताना दोनदा सह्या होतात. आधी लग्नाच्या इराद्याची, आणि मुदतीनंतर दुसरी, पक्की. पहिली सही झाली, देवळात अक्षता पडल्या, दुसऱ्या सहीला कोणी गेलंच नाही, अशी जोडपी आजही सापडतात. पहिल्या सहीची पावती म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे. दुसरी सही राहिली असेल तर कायद्याच्या लेखी लग्न पुरं झालेलं नसतं आणि विधवेच्या अर्ध्या हिश्शावरच प्रश्न उभा राहतो. दाखला काढायला गेल्यावर हे कळणं वाईट. पण वाटणी अर्ध्यावर आलेली असताना दिराच्या वकिलाकडून कळणं त्याहून वाईट.

नावांची गंमत वेगळीच. पोर्तुगीज दप्तरात कामतांचे कामोतीं झालेले असतात, शेटांचे शेटे, प्रभूंचे पोरोब. बापाच्या दाखल्यात एक आडनाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यात दुसरं, आधारवर तिसरं. त्यात गावाचं नाव लावायची पद्धत. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. पण फरक मोठा असेल तर नोंदीच दुरुस्त करून घ्याव्या लागतात. ही यादी वकिलाला आधी द्या, म्हणजे दस्तात "ऊर्फ" घालून सगळी रूपं एकदाच नोंदवता येतात.

तीन वाटा

पहिली वाट सक्सेशन डीडची, म्हणजे वारसा दस्ताची. हा स्पेशल नोटरीसमोर होतो. स्पेशल नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर शिक्का घेऊन बसलेला नोटरी नव्हे. तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार हेच पदसिद्ध स्पेशल नोटरी असतात. मृताचे वारस हेच, यांच्याशिवाय दुसरं कोणी नाही, असं घोषित करणारा हा दस्त. वारस नसलेली, कुटुंबाला वर्षानुवर्षं ओळखणारी तीन माणसं साक्षीला मिळतील हे आधीच बघून ठेवा. शेजारचे, देवस्थानातले, जुने सहकारी चालतात. त्यांनी खोटं सांगितलं तर ते गुन्ह्यात अडकतात, म्हणून त्यांना तक्ता दाखवून, समजावून मगच न्या. दस्तानंतर नोटीस प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी तीस दिवस असतात. गोव्यातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर बारीक टायपात येणाऱ्या त्या नोटिसा याच.

हा दस्त काय करत नाही ते लक्षात ठेवा. तो वाटणी करत नाही. अर्ध्याअधिक कुटुंबं इथेच थांबतात. सक्सेशन डीड झालं, सगळ्यांनी प्रती घेतल्या, आणि भाटातला (बागायतीतला) दक्षिणेकडचा तुकडा कोणाचा हा प्रश्न जिथे होता तिथेच. दस्तात फक्त कोण वारस ते लिहिलेलं असतं. बँकेतले पैसे, शेअर, विमा यांसाठी तेवढं पुरतं. जमिनीसाठी पुढचं पाऊल हवं.

दुसरी वाट म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र. सगळे वारस सज्ञान, सगळे राजी, जोडीदारांसह सह्या करायला तयार, असं असेल तर हेच करा. सोबत सर्व्हे नकाशा लागतो, आणि एकाच सर्व्हे नंबरचे तुकडे करायचे असतील तर नियोजन खात्याचे नियमही आड येतात. म्हणून वाटणीपत्राचा मसुदा करण्यापूर्वी सर्व्हेअरला जागेवर न्या. कागदावर सरळ दिसणारी रेघ जागेवर विहिरीतून जाते.

तिसरी वाट इन्व्हेंटरी प्रोसीडिंगची. अल्पवयीन वारस असेल, कोणी बेपत्ता असेल, किंवा कोणी एक सही द्यायला तयार नसेल तर हीच वाट. लोक तिला केस म्हणतात आणि घाबरतात. खरं तर तो दावा नाही, दिवाणी न्यायालयाच्या देखरेखीखाली चाललेली वाटणी आहे. इथे कोणी जिंकत-हरत नाही. निदान तशी ती नसावी.

इन्व्हेंटरी आतून

कोणीही हितसंबंधी वारस मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करतो. कोर्ट कुटुंबाचा एक प्रमुख नेमतं. जुने वकील त्याला अजून पोर्तुगीज नावानेच, काबेसा द काझाल म्हणून ओळखतात. जोडीदार हयात असेल तर तो किंवा ती, नसेल तर साधारण मृताबरोबर राहणाऱ्या मुलांतलं थोरलं. तो शपथेवर सांगतो: कोण गेलं, केव्हा, शेवटचं वास्तव्य कुठे, मृत्युपत्र आहे का, वारस कोण, त्यांचे जोडीदार कोण. मग मालमत्तेची आणि कर्जांची यादी देतो. प्रत्येक बाब वेगळ्या नंबरने: घर, भाट, शेत, बँकेतल्या ठेवी, दागिने, कोमुनिदादीचा (गावकीच्या सामाईक जमिनीचा) आफ्रामेंत, म्हणजे कायमचा पट्टा, असेल तर तोही.

हे पद मानाचं वाटतं, पण जबाबदारीचं आहे. प्रमुखाला घर-जमीन विकता येत नाही. नारळ, काजू, भाडं यांचा हिशेब द्यावा लागतो. नारळ पाडणाऱ्या पाडेलीला दिलेले पैसे, कुंपणाचा खर्च, घरपट्टी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. चार वर्षांनी "काजूचे पैसे कुठे गेले" हा प्रश्न येतोच, आणि वहीत नोंद नसेल तर तोंडी उत्तराला कोर्टात किंमत नसते.

यादीवर हरकती येतात. एखादा भाऊ म्हणतो, वरचा मजला मी बांधला. दुसरा म्हणतो, शेत कुळाच्या ताब्यात आहे ते यादीत कशाला. कुळाचा आणि मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क वाटणीने नाहीसा होत नाही; ज्याच्या हिश्शात ती जागा जाते त्याला ती त्या हक्कासकट मिळते. म्हणून किंमत धरताना मुंडकाराचं घर आहे की नाही हे बघितलंच पाहिजे.

मग येते लिसितेशनची तारीख, म्हणजे वारसांतली घरची पावणी, घरातल्या घरात लिलाव. बाहेरच्याला बोली लावता येत नाही. समजा आई-वडील दोघंही गेले, तीन मुलं, यादीत तीन बाबी: घर ४० लाख, प्लॉट ५० लाख, ठेवी ३० लाख. एकूण एक कोटी वीस, प्रत्येकी ४० लाख. घरावर बोली लागली आणि थोरल्याने ती ७० लाखांवर नेऊन घर घेतलं. आता एकूण झालं दीड कोटी आणि प्रत्येकाचा हिस्सा ५०. थोरल्याच्या पदरात ७० आले, म्हणजे त्याला २० लाख रोख परत द्यायचे. बहिणीला ५० चा प्लॉट, धाकट्याला ठेवींचे ३० आणि थोरल्याकडून आलेले २०. हिशेब बरोबर जुळतो. घोटाळा होतो तो मानाच्या बोलीमुळे. "वडिलांचं घर मी बाहेर जाऊ देणार नाही" म्हणत लोक हातात पैसे नसताना बोली वाढवतात, आणि वीस लाख भरायची वेळ आली की धावाधाव. लिसितेशनच्या आदल्या आठवड्यात बँकेशी बोलून आपला आकडा ठरवा, वकिलाला लेखी द्या, आणि त्याच्या पुढे जाऊ नका. वकिलाचं त्या दिवसाचं खरं काम तुमचा हात खाली ठेवणं हेच असतं.

त्यानंतर वाटपाचा तक्ता तयार होतो, हरकती ऐकल्या जातात, आणि कोर्ट तो मंजूर करतं. मंजुरीच्या आदेशाच्या आणि तक्त्याच्या साक्षांकित प्रती सुरुवातीलाच जास्त काढा. मामलेदार, सब-रजिस्ट्रार, पंचायत, बँक, प्रत्येकाला मूळ साक्षांकित प्रत हवी असते.

इन्व्हेंटरी रखडते ती दोन कारणांनी. एक, कोणाचा तरी पत्ता चुकीचा असतो आणि नोटीस लागत नाही. दोन, मध्येच एखादा वारस जातो आणि त्याचे वारस रेकॉर्डवर आणायला कोणी अर्जच करत नाही. दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, वकिलाच्या नव्हेत. पत्ते वर्षातून एकदा तपासा. भांडण नसेल तर कामाची गती बऱ्यापैकी असते. भांडण असेल तर वर्षं मोजत बसावं लागतं.

हक्क सोडायचा असेल तर

"मला काही नको, दादालाच राहू दे" हे बहिणीचं वाक्य गोव्यात रोज ऐकू येतं. ते खरं करायचे दोन मार्ग आहेत आणि दोघांत फरक आहे. स्पेशल नोटरीसमोर वारसा नाकारला तर तो अट न घालता आणि पूर्ण नाकारावा लागतो. अमुक एकाच भावाला मिळावा, असं त्यात म्हणता येत नाही. तो बाकीच्या वारसांत जातो, आणि एकदा सोडला की परत घेता येत नाही. फक्त दादालाच द्यायचा असेल तर तो हक्काचं बक्षीसपत्र किंवा हस्तांतरण होतं, त्याचं मुद्रांक शुल्क वेगळं. दोन्हीत नवऱ्याची सही लागते. सही घेताना बहिणीला तिच्या स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्यायला सांगा. भावाच्याच वकिलाने दोघांचं काम केलं तर दहा वर्षांनी भाचे विचारणार, आईला कोणी समजावून सांगितलं होतं का.

परदेशातल्या वारसाचं कुलमुखत्यारपत्र हा कायमचा डोकेदुखीचा विषय. आखातातून येणार असेल तर भारतीय दूतावासात साक्षांकन, ब्रिटन किंवा पोर्तुगालहून येणार असेल तर तिथला नोटरी आणि वर अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमाणीकरणाचा शिक्का. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याच्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. पाकीट तसंच कपाटात राहिलं की ते पत्र सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर अडतं. मजकुरात "वारसा नाकारणे", "वाटणीपत्रावर सही करणे", "इन्व्हेंटरीत बोली लावणे" असे अधिकार नावाने लिहा. "सर्व कामे करणे" एवढ्यावर भागत नाही. आणि जोडीदाराचंही पत्र हवं, एकाचं नव्हे.

मृत्युपत्र आहे असं कळलं तर

गोव्यातलं मृत्युपत्र स्पेशल नोटरीसमोर होतं आणि त्याच्या पुस्तकात नोंदलं जातं. घरातल्या वहीत लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतलेला कागद इथे मृत्युपत्र म्हणून चालेल या भरवशावर राहू नका. मृत व्यक्ती ज्या ज्या तालुक्यात राहिली तिथल्या सब-रजिस्ट्रारकडे मृत्यूचा दाखला दाखवून शोध घ्या, प्रत मिळते. मुक्तीपूर्वीचे दस्त पणजीच्या पुराभिलेख खात्यातही सापडतात. ते पोर्तुगीजमध्ये असतात आणि जुनी हस्तलिपी वाचता येणारे अनुवादक थोडेच उरले आहेत. अनुवादाचा दर पानावर ठरतो की शब्दांवर, हे आधी विचारा.

कोणाला काय विचारावं

वकील निवडताना एकच प्रश्न पुरेसा आहे: गेल्या दोन-तीन वर्षांत किती इन्व्हेंटरी शेवटच्या आदेशापर्यंत नेल्या? गोव्यात नामांकित फौजदारी वकील खूप आहेत. तुम्हाला तो नको. तुम्हाला पोर्तुगीज वर्णनं वाचणारा, सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातला कारकून ओळखणारा, थोडा कंटाळवाणा माणूस हवा.

फी टप्प्यांनी ठरवा आणि कागदावर घ्या: शोध आणि मत, सक्सेशन डीडचा मसुदा, इन्व्हेंटरी अर्जापासून आदेशापर्यंत, म्युटेशन (जमिनीच्या नोंदीत नाव बदलणं) वेगळं. नोटिसांचा खर्च, प्रतींचा खर्च, अनुवाद, सर्व्हेअर हे फीमध्ये की बाहेर, तेही लिहा. मालमत्तेचा टक्का मागणाऱ्या वकिलाकडे जाऊ नका. खटल्याच्या निकालावर किंवा मिळकतीच्या हिश्शावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. मूळ कागद देताना यादी करून पोच घ्या. शक्य असेल तिथे साक्षांकित प्रत द्या आणि मूळ घरी ठेवा.

चार्टर्ड अकाउंटंट दोन कामांना लागतो. मृताचं मृत्यूच्या तारखेपर्यंतचं रिटर्न वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचं असतं. आणि गोव्यातल्या सामाईकीमुळे, आयकर कायद्यातल्या खास तरतुदीनुसार (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ), पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं दाखवलेलं असतं. तिथपर्यंतची विभागणी आणि पुढची, यात गल्लत झाली की दोन्ही पॅनवर नोटिसा येतात. मुंबईतल्या सीएला हे कलम सहसा माहीत नसतं, सांगावं लागतं.

मूळ सिंधुदुर्गातले किंवा बेळगावचे आणि गोव्यात स्थायिक झालेले, किंवा लग्न गोव्याबाहेर नोंदवलेले, यांनी पहिल्याच भेटीत एकच गोष्ट लेखी मागावी: आम्हाला गोव्याचा कायदा लागू होतो का. त्याच्या उत्तरावर वरचं सगळं उभं आहे.

बँक, गाडी आणि जमिनीचे कागद

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो आणि सहसा वारसांना द्यायला बांधील असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये विम्याच्या बाबतीत हे सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. कागद पुरे असतील तर पंधरा दिवसांत दावा निकालात काढायचा, आणि नॉमिनी नसलेल्या खात्यावर पंधरा लाखांपर्यंत (सहकारी बँकांत पाच लाखांपर्यंत) साधी पद्धत. गोव्याबाहेरच्या शाखेने सक्सेशन सर्टिफिकेटच मागितलं तर सक्सेशन डीड, गोव्याच्या कायद्याचं नाव आणि २०१९ चा निकाल जोडून लेखी अर्ज द्या. लेखी नकार मागा. तोंडी नकार देणारा अधिकारी लेखी द्यायची वेळ आली की फाइल वर पाठवतो.

गाडीचा मालक गेल्याचं आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचं असतं. अपघात झाला आणि आरसी मृताच्या नावावर असेल तर विमा कंपनी पहिलं तेच दाखवते.

जमिनीत एक-चौदा उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारासारखा उतारा) आजोबांचं नाव अजून असेल तर ते बदलून घ्या. म्युटेशनचा अर्ज मामलेदाराकडे, शहरात सिटी सर्व्हेकडे. नोटिसा निघतात, हरकत आली तर चौकशी लागते. उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे, पण ते नाव रिकामं किंवा मृताचं राहणं धोक्याचं. २०२२ साली सरकारने बनावट दस्तांनी जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी नेमली, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही बसला. या प्रकरणांत सावज ठरली ती बहुतेक अशीच जागा: मालक मेलेले, वारस बाहेरगावी, उताऱ्यावर जुनं नाव. म्हणून निदान उतारा वर्षातून एकदा सरकारी पोर्टलवर काढून बघा, आणि सोबत जुनं मत्रिज (पोर्तुगीज काळातली मालमत्ता कराची नोंद), डिस्क्रिप्शनचा (जुन्या जमीन-नोंदणीतला) नंबर, घरपट्टीची शेवटची पावती एकाच फाइलमध्ये ठेवा. घरपट्टी आणि विजेचा मीटर मालकी सिद्ध करत नाहीत, पण ताबा कोणाकडे होता हे वीस वर्षांनी तेच सांगतात. बिलं वारसाच्या नावावर करताना पंचायतीतून जुन्या नावाच्या नोंदीची प्रत आधी काढून घ्या, कारण नाव बदललं की जुनं पान शोधायला पंचायत सचिव कधीच मोकळा नसतो.